बटण कोणत्या बाजूला आहे

अमरावतीच्या दुकानात काचेखाली
सात तऱ्हेचे वॉकीटॉकी मांडले होते,
सहा काळे, एक संत्र्याच्या सालीच्या रंगाचा.
दुकानदार म्हणाला, पाच किलोमीटर जाते.
मी विचारलं, मोकळ्यात की झाडीत?
तो जरा थांबला.
मोकळ्यात, ताई.

आमच्याकडं मोकळं काही नाही.
विहिरीपासून नाल्यापर्यंत संत्र्याची अकराशे झाडं,
नाल्यापल्याड तूर, माणूस बुडेल एवढी,
तिच्यामागं बरड, मग सातपुड्याची पहिली पायरी.
डोमाजी रात्री जिथं पाणी धरतो
तिथं मोबाईलला एक काडी दिसत नाही.

थ्री फेज येते रात्री बारानंतर.
मोटर मी चालू करते, पाणी तो फिरवतो.
पाईप निसटला, दांड फुटला,
तर सांगायला आजवर एकच यंत्र होतं, त्याचा गळा.
"बंद कराऽऽ"
यातला 'बंद' वारा नाल्यातच ठेवून घ्यायचा,
माझ्यापर्यंत नुसतं 'करा' यायचं.
मी करत राहायचे.

तर मी सगळं विचारलं.
बॅटरी किती रात्री पुरते,
चिखलात पडला तर काय,
परवाना लागतो का, चार्जर इन्व्हर्टरवर चालतो का.
अनामत भरून दोन सेट पिशवीत घातले
आणि वरूडच्या एसटीत ती पिशवी मांडीवर धरून बसले,
कोणाचं तरी तान्हं धरावं तशी.

संध्याकाळी डोमाजीला पाठवलं.
तो ओळीओळीनं बोलत गेला.
दहावी ओळ, हाव, आयकू येते.
तिसावी ओळ, येते.
नाला. गहू पाखडल्यासारखा आवाज, पण शब्द पुरे.
मग तूर.
मग काही नाही.
डोमाजी? डोमाजी, ओव्हर.
काही नाही.

मी चपला हातात घेऊन नाला ओलांडला.
तो तुरीत उभा, गुडघाभर पाण्याच्या कडेला,
उजव्या हातात फावडं, डाव्यात तो काळा सेट,
आणि सेटमधून माझाच आवाज येऊन गेलेला.

"मले सारं आयकू येत होतं, बाई.
पण दाबू कायनं?
फावडं ठेवलं तं पाणी फुटते."

डाव्या हाताचा अंगठा
अकरा वर्षांपूर्वी कडबाकुट्टीत गेला त्याचा.
लुगड्याची पट्टी मीच बांधली होती,
तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत
तो हात मीच वर धरून ठेवला होता.
आणि काचेपाशी उभं राहून मी विचारलं होतं
पाच किलोमीटरचं.

दुसऱ्या दिवशी परत दुकान.
मी अंगठा मुठीत दुमडून घेतला
आणि एकेक सेट डाव्या हातात धरून पाहिला.
दोन निसटले. एक काउंटरवर आपटला.
दुकानदार आधी हसला,
मग त्यानंही आपला अंगठा दुमडला
आणि आतल्या खोलीतून एक खोकं काढून आणलं.
छातीवर अडकवायचा माइक,
रुपयाएवढं बटण, मनगटानं दाबलं तरी बोलते.
पण तो चालतो त्या नारिंगी सेटलाच,
आणि नारिंगी कमी पल्ल्याचा, ताई,
झाडीत एखादा किलोमीटर समजा.

घेतला.
स्टार्टरला लांब वायर जोडून
माझी खाट विहिरीवरून उचलून
साठाव्या ओळीत आणली.
पल्ला तेवढा कमी केला.

काल रात्री पावणेदोनला
"बंद करा" आलं. आख्खं.
मी मोटर बंद केली, बोलले, केली.
पण त्याचं मनगट बटणावर तसंच राहिलं असावं,
कारण माझं काही तिकडं पोचेना,
तिकडचं मात्र सगळं येत राहिलं.
चिखलातून पाय उपसल्याचा आवाज,
दांडावर फावड्याचे चार ठोके,
दूर कुठं रोही खाकरली,
मग तो कोणाशी तरी, बहुधा पाण्याशी,
थांब ना बे, म्हणाला, थांब जरा,
आणि पाणी