आवृत्ती दुसरी

दोना पावलाच्या हॉटेलात मला बारा मिनिटं मिळाली.
दहाव्या मिनिटाला पिवळा कागद दाखवतात,
बाराव्याला लाल.
पिवळा दिसला तेव्हा मी अजून
'संशोधनाची गरज' ह्यावरच होते.

गळ्यात नाव, नावाखाली विद्यापीठ.
लोक आधी पट्टीकडे बघतात,
मग ठरवतात किती हसायचं.
दुसऱ्या दिवसापर्यंत मीही तसंच करायला लागले.

पडद्यावर चोडणच्या शाळेचं कोष्टक:
चौथीची अकरा मुलं, गणिताचे सहा तास,
प्रश्नानंतरची शांतता, सेकंदांत.
विद्यार्थी क : एकोणीस. प्रतिसाद नाही.
मागून कुणीतरी विचारलं, नमुना फारच लहान नाही का?
म्हटलं, हो. शाळाच लहान आहे.
हशा झाला. माझ्या भाषणातलं
तेवढंच कुणाच्या लक्षात राहिलं असेल.

चहाच्या टेबलाशी एक ज्येष्ठ बाई हळूच म्हणाल्या,
चांगल्या नियतकालिकात दे, खुलं करू नकोस इतक्यात,
निवड समितीला खुलं म्हणजे फुकटचं वाटतं.
चांगल्याचा दर मी बघून ठेवला होता.
वाचकांसाठी कुलूप काढायचं तर
माझी सात महिन्यांची छात्रवृत्ती.
नाही काढलं तर
सुचेता च्यारी बाईंना स्वतःच्याच वर्गाबद्दल वाचायला
एकतीस डॉलर.
बाईंच्या वर्गात खडूसुद्धा मोजून येतात.

संध्याकाळी रायबंदरच्या धक्क्यावर उभी राहिले.
फेरीबोटीत चालत येणाऱ्याला तिकीट नाही.
मासळीची रिकामी पाटी, एक शिलाई मशीन,
दोन कॉलेजची पोरं, मी.
कुणी कुणाची संस्था विचारत नव्हतं.
मला लगेच उपमा सुचली,
आणि लगेच लाज वाटली:
डिझेलचे पैसे कुणीतरी भरतंच.

तरी बोटीतच, एका हाताने कठडा धरून,
मसुदा खुल्या भांडारात टाकला.
मांडवीच्या मध्यावर रेंज गेली.
गोल फिरत राहिलं.
चोडणचा धक्का लागला तेव्हा हिरवी खूण आली.
दुवा बाईंना पाठवला.

चार दिवसांनी बाईंचा आवाज आला, चाळीस सेकंदांचा.
मागे कुकरची शिटी.
इंग्रजी आहे म्हणून पुतणीकडून वाचून घेतलं, म्हणाल्या.
मग थांबल्या, आणि:
'पूण तो ओगी नाशिल्लो गो. तो मेजतालो.'

गप्प नव्हता. मोजत होता.
बाप खाजनातल्या मानशीवर जाळं लावतो,
भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते.
माझा प्रश्न टाकीचा होता, भरायला किती वेळ लागेल.
पोरगं पुस्तकातली टाकी सोडून
त्या रात्रीचं पाणी कधी फिरेल ते काढत होतं.
सुटीत त्याने बाईंना सांगितलं: पावणेदोन.
मी तेव्हा वहीत फुली मारत होते.

ते एकोणीस सेकंद मी पुन्हा ऐकले. पुन्हा.
पंखा. बाक. लांब पोदेराचा भोंगा.
मोजणं ऐकू येत नाही.

भांडारात चूक पुसता येत नाही.
नवी आवृत्ती टाकायची, जुनी खाली राहते, तारखेसकट.
पहिल्यांदा ही अट जाचक वाटली होती.
'प्रतिसाद नाही' मी खोडलं नाही,
पुढे लिहिलं: संशोधकाला ऐकू आला नाही.
बाईंचं नाव आभारातून उचलून
लेखकांच्या ओळीत घेतलं.
त्यांनी विचारलं, बदलीला अडचण नाही ना व्हायची?
मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं.
दोन दिवसांनी त्यांचं 'घाल' असं उत्तर आलं.

त्या मुलाचं नाव कुठेच नाही. इथेही नाही.
मानशीची दारंही ओहोटीलाच उघडतात.

पहिली आवृत्ती तेवीस जणांनी उतरवून घेतली.
दुसरी चौघांनी. त्यात एक मी, एक बाईंची पुतणी.
उरलेले दोघे कोण, कळत नाही.
कळायची सोय आहे म्हणे,
पण तिचे पैसे पडतात.