ठण्ण आणि बद्द

शाहू स्मारकच्या दालनात एकानं विचारलं,
तुमच्यावर प्रभाव कुणाचा?
चौकोनी म्हैस, त्रिकोणी शिंगं, पोटातून येणारा आवाज,
जरा परदेशी वाटतं हे.
मी म्हटलं, असेल.
तेवढ्यात चहा आला. बरं झालं.

उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्री
डोळे मिटून कास्टिंगवर हातोडी टेकवायचे.
ठण्ण आलं तर पास.
बद्द वाजलं की परत भट्टीत.
चीर दिसत नसते पोरी, ऐकू येते.
सात वर्षं पत्रा कापला मी तिथं,
बोटांची टोकं अजून बोथट आहेत.

मामाच्या पायताणात विंचू होता.
गल्लीच्या तोंडाशी करकर सुरू झाली
की आई आधण ठेवायची,
माणूस दिसायच्या आधी.

आणि पाडव्याला आमची मोरी.
आबा आदल्या रात्री कंदील धरायला लावायचे मला
आणि वस्तऱ्यानं तिच्या कुशीवर कोरायचे
चौकट, चौकटीत चौकट,
आत एक तिरकी रेघ, हात हलला म्हणून.
(ती रेघ मी अजून काढते. मुद्दाम.)
सकाळी शिंगांना हुरमुंज, मोरपिसं,
पुढं पुंगळी काढलेली बुलेट
फाडफाड फाडफाड गंगावेशीतून,
आणि मागं मोरी सुटलेली,
आवाजालाच दावं बांधल्यागत.

खिद्रापूरचे हत्ती फार उशिरा पाहिले.
सोंडा तुटलेल्या, पाठीवर अख्खं देऊळ.
एकाच्या पोटाला कान लावला.
गप्प.
तेही थोडं घेतलंय बहुतेक.

हे सगळं त्या माणसाला सांगायला हवं होतं.
तो गेला होता. वहीत लिहून गेला, सुंदर.

तिसऱ्या दिवशी आबा आले,
हातात दुधाची रिकामी किटली.
डावा कान बुलेटनं कधीच नेलेला,
उजव्याला कामापुरतं.
नावाची पाटी वाचली नाही त्यांनी.
सरळ म्हशीपाशी गेले, कुशीवर तळवा ठेवला,
पत्र्याच्या तिसऱ्या घडीवर, बरोबर तिथं,
जिथं आत मी साखळी टांगलीय.
पंखा फिरत होता. साखळी हलली.
आबा थांबले.
बोटाच्या पेरानं एकदा वाजवून पाहिलं.

कितवा म्हैना?

आठवा, मी म्हटलं.
दोनदा म्हणावं लागलं.

मग खाली पिंजर टाका की, म्हणाले,
फरशी निसरती.