दर दोन तासांनी

विल्मोर, झोपला नसशील तर ऐक.
या छताच्या पत्र्यात सत्तावीस खिळे आहेत.
मी मोजलेत, अकरा वर्षांपूर्वी, याच खाटेवरून.
एक गंजून पडलाय. सव्वीस धर.

वीस वाव खाली, दिवसाला बारा सिलिंडर,
हातात शेवंड घेऊन तू घाईने वर आलास
आणि रक्त फसफसलं
सोड्याची बाटली उघडावी तसं.
तुझी आई म्हणते, लिवा मायरिनने धरलं,
समुद्राच्या त्या बाईने आपल्या शेवंडांचा हिशेब घेतला.
डॉक्टर म्हणतात, नायट्रोजन.
दोघांशीही भांडू नकोस.

कमरेखालची कातडी आता तक्रार करत नाही,
म्हणून तिच्या वतीने आपण करायची.
रोज सकाळी आरसा घे. टाचा बघ, माकडहाड बघ.
कॉफीच्या बीएवढा लाल डाग दिसला
तरी आरडाओरडा कर.
ऑर्लिन चुलीपाशी गप्पा मारत बसला होता,
पाय निखाऱ्यावर, तोंडावर हसू.
वास आला तेव्हा कळलं.

परवा इदालिया तक्ता घेऊन येईल.
विचारेल, तुला काय हवंय?
तू म्हणशील, चालायचंय.
मीही तेच म्हणालो होतो. ती लिहून घेते, खोडत नाही.
मग पेन्सिलीला टोक काढत विचारते,
चालत कुठे जायचंय?

तीन दिवस मी तिच्याशी बोललो नाही.
चौथ्या दिवशी म्हणालो, खारफुटीत. पहाटे. होडीतून जाळं फेकायला.
ते तर हातांचं काम, ती म्हणाली,
आणि वाळूच्या पिशव्या उचलायला लावल्या.

खाटेवरून खुर्चीत, फळीवरून घसरत: एकोणीस दिवस.
खुर्चीतून धक्क्यावर.
धक्क्यावरून होडीत: दोनदा पाण्यात पडलो,
दुसऱ्यांदा पुतण्या हसला, मग मीही.
चाकं वाळूत रुतायची,
भावाने मोटारसायकलचे टायर बसवले.
घर खांबांवर, सात पायऱ्या.
बसून चढतो, पाठमोरा, एकेक.
धाकटी मोठ्याने मोजते, मुद्दाम चुकते.

लोक सांगतील, स्वतःच्या पायावर उभा राहा.
सांगू देत.
आपलं पोट हातावर होतंच, आता पायही हातावर.
हे बघ तळवे. टाचा झाल्यात.

राग त्या तक्त्यात नसतो.
मला पाचव्या महिन्यात आला,
भाताचं ताट भिंतीवर फेकलं.
इदालियाने एक शीतही वेचलं नाही.
झाडू आणून माझ्या मांडीवर ठेवला
आणि शेजारच्या खाटेकडे गेली.
खुर्चीतून झाडायला केवढा वेळ लागतो, कळेल तुला.

जनरेटर थांबला. म्हणजे दोन वाजले.
चल, कूस. आता डावी.
मी खुर्चीतून जेवढा पोचतो तेवढा ढकलतो.
माझ्या मानेला नको, खाटेच्या कडेला धर.
नुसता धरू नकोस.
ओढ.
हं, तू ओढ.