तिसऱ्या पाळीचा काटा

ऑर्डर पुण्याची. चाळीस टी-शर्ट, सगळे काळे,
छातीवर बशीएवढं घड्याळ, चार काट्यांचं,
कडं अर्धं निळं, अर्धं लाल,
आणि खाली पांढऱ्या अक्षरांत:
वेळ काय विचारता? कुठली ते विचारा.

तुंगारे नावाचे गृहस्थ.
असल्या घड्याळांच्या शौकिनांची त्यांची मंडळी आहे,
वर्षातून एकदा जमतात,
मनगटाशेजारी मनगट ठेवून बघतात
आणि आपापल्या घरी जातात.

दाजी पेठेतल्या माझ्या टेबलापाशी,
रंगाच्या वासानं नाकाला रुमाल लावून, म्हणाले,
बघा एलगेटीबाई, हे तीन काटे इथले.
हा चौथा, नारिंगी, टोकाला बाण, हा तिकडचा.
दिवसात एकच फेरी मारतो.

तिकडचा म्हणजे?
ज्याचं माणूस जिथं असेल, तिथला.
तुमचं कुठं आहे?
ते जरा थांबले.
माझं कुठंच कुणी नाही हो.
मी आपला लंडनवर ठेवतो.

चार रंग, चार फ्रेमा.
पांढरा सुकला की निळा, मग लाल, शेवटी नारिंगी.
सोळाव्या शर्टाला बिजागरी ढिली झाली
आणि काटा बोटभर सरकून पडला,
बूड घड्याळाबाहेर, टोक तीनावर.

रात्रीचे तीनच वाजले होते तेव्हा.
सकाळच्या गाडीला माल द्यायचा
आणि मी टेबलाला शिव्या घालत होते, तेलुगूत,
कारण मराठीतल्या संपल्या होत्या.

दारात चिन्नान्ना. माझा चुलता, मल्लेशम.
हातात डबा: कडक भाकरी, शेंगाची चटणी.
त्याची जेवणाची सुट्टी झाली होती.

सव्वीस वर्षं तिसरी पाळी, जॉबर.
गिरणी बंद पडली, माग किलोवर विकले गेले,
भोंगा कुणी नेला काय माहीत.
सगळ्यांचा हिशेब झाला,
फक्त त्याच्या झोपेला कुणी नोटीस दिली नाही.
अजून रात्री अकराला आंघोळ करून
तो पायरीवर कामाला बसतो.
काम काही नसतं. बसतो.

चिन्नम्मा दिवसा विड्या वळते, नऊला आडवी होते.
एकच बाज, दोन पाळ्या.
सकाळी पावणेआठला भेटतात ते,
तिचा उठल्यावरचा चहा, त्याचा झोपायच्या आधीचा,
एकाच पातेल्यातला.

डबा बाजूला ठेवून त्यानं बिजागरी अंगठ्यानं दाबली,
कान लावला, जसा मागाला लावायचा.
विडीच्या बंडलाचा कागद चार पदरी घडी करून खाली सरकवला.
मार आता.
मारला. काटा केसाइतकाही हलला नाही.
पुढचे सगळे तसेच.

मग त्यानं बिघडलेला उचलला.
आमच्या गावात सेकंडचा माल घरी जातो,
काठाचं सूत सुटलेल्या टॉवेलांनी
अंग पुसतच आम्ही मोठे झालो.
हा चौथा कशाला बे?
मी सांगितलं. इथली वेळ, तिकडची वेळ.
तो बराच वेळ बघत राहिला.
हां, म्हणाला, तिसऱ्या पाळीचा.
आणि बनियनवरूनच अंगात घातला.

सकाळी तुंगारे मोजायला आले.
दोनदा मोजले. एकोणचाळीस.
एक कमी आहे.
एक तिकडे गेला, मी म्हणाले.
तिकडे कुठं?
भद्रावती पेठेत. आत्ता भेटायचा नाही,
त्याची रात्र आहे.

मला वाटलं हसतील.
त्यांनी बाही मागं सारली,
घड्याळाची चावी चिमटीत धरून ओढली,
आणि अगदी गंभीरपणे विचारलं:
किती तासांचा फरक?