खांद्यापर्यंत

वहीत तीन रकाने आहेत:
पाहिले. मदत केली. स्वतः केले.
बिदरच्या कॉलेजातून छापून आलेत,
ओळीओळीला मठपती डॉक्टरांची सही लागते.
बेडकिहाळच्या दवाखान्यात सहा आठवडे झाले.
पहिला रकाना संपून पुरवणी जोडलीय.
तिसऱ्यात एवढंच:
दोन शेळ्यांचे खूर कापले,
एका कोंबडीचं शवविच्छेदन,
जंताचं औषध पाजलं शंभरेक जनावरांना,
त्यातलं निम्मं माझ्याच ॲप्रनवर.

दुंडाप्पा कंपाउंडर माझ्या हाताकडं बघून म्हणाला,
"बारीक हाय की. बरं झालं.
डॉक्टरांचा मनगटाशीच अडकतोय."
कौतुक म्हणून एवढंच मिळालं होतं.

पहिली गाय तपासली तेव्हा
डॉक्टरांनी विचारलं, आत काय लागतंय?
मी म्हणाले, ऊब.
ते हसले नाहीत.
"ऊब लिहायला रकाना नाही.
रोज दहा गाई बघ. मग कळेल
गर्भाशयाचं शिंग कुठलं, मूत्राशय कुठलं."

बुधवारी रात्री पावणेदोनला फोन.
सदलग्याच्या वाटेवर, दूधगंगेच्या अलीकडं,
पद्माक्का चौगुल्यांची मुऱ्हा, तिसरं वेत,
सांजेपासून कळा देतेय.
मोटरसायकलवर डॉक्टर, मागं मी,
मांडीवर बादली, बादलीत दोर, साबण, साखळ्या,
खड्ड्याखड्ड्याला वाजणाऱ्या.

पद्माक्का म्हशीशी कन्नडात बोलते,
लेकाला मराठीत झापते,
बॅटरीचा झोत माझ्या तोंडावर धरून विचारते,
"तुजं गाव कंचं?"
खानापूर, म्हणाले.
"मग आमचीच की."
आमची म्हणजे कुणाची, ते सांगितलं नाही.

डॉक्टर मागं सरकले. "घाल हात."

मनगट. कोपर. खांदा.
गाल म्हशीच्या मांडीला टेकला,
डोळे मिटले, उघडे ठेवून उपयोगच नव्हता.
एक पाय लागला. पुढचा की मागचा?
खुरावरचा सांधा आणि त्याच्या वरचा
एकाच बाजूला वळले तर पुढचा,
उलटसुलट वळले तर मागचा.
पेपरात याला दोन मार्क होते.
मी वाकवून बघितला. पुन्हा वाकवला.
पुढचा.
दुसरा दुमडलेला, पोटाखाली.
मान मागं, बरगडीवर पडलेली.
तोंड सापडलं. तोंडात बोट घातलं.
जिभेनं ओढलं नाही.
थांबले. पुन्हा घातलं.

बाहेर काहीतरी बोलले असणार मी,
कारण डॉक्टर हळूच म्हणाले,
"बरं. आता आईचं बघ."

कळ आली की हाडावर हात चिरडायचा,
बोटं कुठं संपतात ते कळायचं नाही.
कळ गेली की ढकलायचं, आत, खोल,
मग मान वळवायची जागा होते.
"निधान," दुंडाप्पा म्हणत होता, "निधान, निधान,"
मला की म्हशीला, कोण जाणे.
दोघींनी ऐकलं.

साडेतीनला रेडकू बाहेर आलं.
कपाळावर पांढरा ठिपका.
पद्माक्कानं बघितलं, गोणपाट टाकलं,
काही बोलली नाही.
मग म्हशीच्या मानेवर थाप मारून,
"एळव्वा, एळ."
दोनदा गुडघ्यावर आली, दोनदा बसली.
तिसऱ्यांदा उभी राहिली
आणि वळून गोणपाट हुंगायला लागली.

पद्माक्कानं गरम पाणी दिलं, वाटीभर खोबरेल.
माझी बोटं एकेक उलटून पाहिली.
"नखं काडून आलीस. चांगलं केलंस.
आतनं कुटं लागलं न्हाई तिला."

सकाळी वही पुढं केली.
तिसऱ्या रकान्यात डॉक्टरांनी सही केली,
शेऱ्याची जागा कोरी सोडली.
मी विचारलं, काय लिहू?
"काय केलंस ते लिही."
चहाचा कप उजव्या हातानं उचलेना,
म्हणून डाव्यानं घेतला.
खोबरेलाचा वास, त्याखाली तो दुसरा.

दहाला एक शेळी आली, पोट फुगलेलं,
टोमॅटो खाल्लेत म्हणे, अर्धी पाटी.
दुंडाप्पा नळी शोधत होता.