कच्चा की पक्का

आबा फोनवर विचारतात, बॅचला रंग किती किलो घालतीस?
चाळीस वर्षं जिगरच्या वाफेत काढलेला माणूस,
नखांच्या कडा अजून निळ्या.
मी सांगते, थेंबभर. तोही क्लोरोफॉर्ममध्ये पातळ केलेला.
इचलकरंजीकडून जरा वेळ नुसती खरखर.
मग : एवढ्यासाठी बहरीनला गेलीस व्हय?

ईसा टाउनच्या या खोलीत टेफ्लॉनची एक परात आहे.
परातच म्हणूया : लांबट, उथळ, वीतभर रुंद.
तिच्यातलं पाणी आधी समुद्र होतं.
कारखान्यानं मीठ काढलं, उरलंसुरलं आम्ही काढलं,
इतकं, की चव विचारली तर गप्प बसतं.
कामाच्या दिवशी मी केसांना तेल लावत नाही.
एकदा लावलं होतं,
आलेख दिवसभर माझ्या वेणीचा निघाला.

थेंब टेकवते. तो पसरतो, क्लोरोफॉर्म उडून जातो,
मागे उरतात ते :
डोकं रंगाचं, शेपूट मेणाचं.
डोक्याला पाण्याची ओढ, शेपटाला पाण्याचा तिटकारा,
एका देहात दोन बिऱ्हाडं.

म्हंजे मुरतच न्हाई? आबा म्हणाले.
न मुरलेला रंग आम्ही साबणानं धुऊन काढायचो.
आबा, हा साबणच आहे.
घाटावरची पोरं आठवा, पोहता न येणारी,
पाय तेवढे पाण्यात सोडून बसलेली.
हे फक्त उलटे :
डोकी पाण्यात, पाय वर.

मक्की बटण दाबतो.
दोन्हीकडून पट्ट्या सरकू लागतात, मुंगीच्या चालीनं.
सुरुवातीला कुणाला कुणाची खबर नसते,
लोळत असतात ऐसपैस.
मग धक्का लागतो. आलेखाची रेघ मान वर करते.
एकेक उठतो, तिरका, मग कमी तिरका,
रंगीत डोकी पत्त्यांसारखी लगटून
आणि रंग बदलतो.
कुणी काही मिसळलेलं नाही.
लाल होता तो केशरीकडे झुकतो,
केवळ शेजार जवळ आला म्हणून.
यंत्राला दिसतं हे.
मला नुसतं पाणी.

काल पट्ट्या थांबवायचं राहून गेलं.
मक्की चहा आणायला गेलेला, मी वहीत तारीख घालत होते.
रेघ चढली, चढली, आणि वाकली.
पडदा मोडला,
दुमडून स्वतःच्याच अंगावर पडला.
एका रेणूच्या जाडीचं काही मोडलं
तर आवाज कुठून यायचा.
ख़लास, मक्की म्हणाला, दोन कप हातात धरून.
चला दॉक्तोरा, बाहेर.

सित्राच्या किनाऱ्याला वारा होता.
त्याचे आजोबा मोत्यांसाठी बुडी मारायचे, म्हणे,
तोंडात माशाचं तेल धरून.
खाली गेल्यावर सोडायचे,
तेल वर जायचं, पाणी निवायचं,
उजेड सरळ तळाला.
खरं की आत्ताच रचलेलं, मी विचारलं नाही.
डिकीतून त्यानं दुधाच्या पावडरीचा डबा काढला,
झाकण उघडल्यावर मी दोन पावलं मागे सरले.
चमचाभर ओतलं.

सुरकुत्या विझल्या.
आधी चटईएवढ्या जागेत, मग अंगणाएवढ्या.
बाकी समुद्र थरथरत राहिला,
मधे हा तुकडा, इस्त्री केल्यासारखा.

व्हिडिओ लावला. आबा, बघा.
त्यांनी चष्मा पुसून परत घातला.
काय बघू? काहीच न्हाई तिथं.
तेच, म्हटलं.
मग बघत राहिले, मान कलती करून,
दोरीवरच्या ओल्या ताग्याकडे बघायचे तसे.
कच्चा का पक्का?

वाऱ्यानं एका कडेची सुरकुती उचलली होती.
मक्की डब्याचं झाकण लावत होता, वास हाताला पुसत.

कच्चा, आबा.