सोमवारचा आकडा

जनकगंजात राठौरच्या गजकच्या दुकानाबाहेर
एक फळा आहे, शाळेतून बाद झालेला.
माझ्याच वर्गातला. चौतीस वर्षं
मी त्याच्यावर नद्या काढल्या,
डाव्या कोपऱ्यात चंबळेची एक रेघ
अजून पुसली जात नाही.
त्या फळ्यावर दर सोमवारी राठौर
जगातल्या सगळ्या मुलींमधला
ऋजुता खासगीवालेचा नंबर लिहितो.

पाचशे साठ. पाचशे एकतीस.
दळण घेऊन चाललेली बाई थांबते,
"चढली की घसरली?" विचारते.
आकडा लहान झाला म्हणजे चढली,
हे गल्लीला समजायला अख्खं वर्ष गेलं.
फाळके वकिलांना अजून पटलेलं नाही.

टेनिसमधलं तसं काहीच कळत नाही आम्हाला.
पंधरा, तीस, आणि मग पंचेचाळीस का नाही?
तिच्या वडिलांना विचारलं तर म्हणाले,
मला कुठं ठाऊक, मी फक्त
वीज मंडळाच्या पतपेढीतून कर्ज काढतो.

पण मोनास्तिर नक्की कुठं आहे
ते मला, भूगोलाच्या बाईला,
ती तिथं हरली तेव्हा कळलं.
तेव्हापासून ॲटलास उशाशी असतो.
अंताल्या. नाखोन सी थम्मारात.
बोट ठेवते आणि म्हणते,
इथं आत्ता ऊन असेल, टोपी घातली असेल ना.

मॅच रात्री अडीचला. टीव्हीवर नसतेच.
फोनवर नुसते आकडे हलतात,
माणूस नाही, चेंडू नाही, आवाज नाही.
दुकानाच्या ओट्यावर आम्ही नऊ जण
एका फोनभोवती, शेकोटीला बसावं तसे.
तीस-चाळीस.
मग बराच वेळ काहीच हलत नाही.
"बूट बांधत असेल," शिंपी म्हणतो.
"पाणी पीत असेल."
रडत असेल, असं कुणी म्हणत नाही.

मग खांदा गेला. ऑपरेशन झालं.
आठशे, अकराशे,
आणि एका सोमवारी यादीत नावच नव्हतं.
राठौर खडू धरून उभा राहिला,
मग त्यानं चारशे बारा लिहिलं,
तिच्या आयुष्यातला सगळ्यात लहान आकडा.
पुढच्या सोमवारी तोच गिरवला.
वर्षभर गिरवत राहिला.
आम्ही येता-जाता वाचायचो
आणि एकमेकांकडे पाहायचो नाही.

संक्रांतीच्या आधी ती आली.
शाल घेतलेली, उजवा हात पोटाशी.
सगळा चौक एकदम कामाला लागला,
शिंप्यानं तर शिवलेलंच पुन्हा शिवलं.
"काका, ये तो कब का है."
"बिटिया, हमारे यहाँ तो यही चल रहा है."

ती हसली नाही. मला म्हणाली,
"बाई, रात्री झोपत जा ना तुम्ही सगळे.
सर्व्हिसला चेंडू वर टाकते ना,
तेव्हा तुम्ही इथं जागे आहात हे मला माहीत असतं.
जड होतो तो."

चौतीस वर्षांत असं उत्तर न सुचलेला
हा पहिलाच प्रश्न.

तिनं डाव्या तळहातानं आकडा पुसला
आणि डाव्याच हातानं, वाकडंतिकडं लिहिलं:
गजक ४४० रुपये किलो.
पाव किलो घेतली. पैसे दिले.
राठौरनं ते घेतले, पहिल्यांदाच.

आता ती कंपूच्या मैदानावर पोरांना शिकवते,
सकाळी सहाला. आम्ही तिकडं फिरकत नाही.
वारा इकडचा असला की टप्पा ऐकू येतो.
मी रात्री दहाला झोपते. बहुतेक.

दोन संक्रांती झाल्या. तीळ महागले, गूळ महागला,
बाजारात गजक साडेपाचशेच्या वर गेली.
राठौर तोट्यात विकतो.
"भाव कैसे बदलूँ, मास्टरनीजी," म्हणतो,
"अक्षर उनका है."

रात्री शटर ओढण्याआधी तो फळा आत नेतो,
अक्षराला बाही लागू नये म्हणून हात लांब धरून,
वाढलेलं ताट न्यावं तसा, जपून,
चंबळेसकट.